‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर नाही. का डाऊन, ते सांगा.

परतवाड्यात असं एक सरकारी वाक्य आहे, जे ऐकल्यावर कोणी वाद घालत नाही. ‘साहेब मीटिंगला गेले’ म्हटलं तर माणूस विचारतो, कव्हा येतीन? ‘दप्तर घरी राह्यलं’ म्हटलं तर म्हणतो, चाला मंग घरी जाऊ. पण खिडकीतून ‘सर्व्हर डाऊन हाये, उद्या या’ असं आलं की रांगेतला सगळ्यात भांडखोर माणूसही पिशवी उचलून बसस्टँडचा रस्ता धरतो. पाऊस आला, गारपीट झाली, तसा सर्व्हर गेला. ढगाशी कोण भांडणार?

माझा राग इथंच आहे. सर्व्हर म्हणजे ढग नाही, मशीन आहे. ते कोणीतरी विकत घेतलं, त्याचं बिल निघालं, त्याच्या देखभालीचं कंत्राट कोणाला तरी मिळालं. आणि ते बंद पडतं तेव्हा का बंद पडलं हे स्वतःच लिहून ठेवतं. तारखेसकट, वेळेसकट, सेकंदासकट. आपल्या गावात इतकं प्रामाणिक खातं दुसरं नसेल. फक्त ती नोंद कोणी वाचत नाही, आणि वाचली तरी रांगेतल्या माणसाला सांगत नाही.

मी इंजिनीअर नाही. पत्रकारितेची पदविका आहे माझ्याकडे, तीसुद्धा त्या काळातली, जेव्हा बातमी फॅक्सनं जायची. पण वीसेक वर्षं या खिडक्यांसमोर उभा राहतोय. आणि गेल्या वर्षी एक प्रकार डोळ्यांदेखत पाहिला, त्यानंतर हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. तो पुढे सांगतो. आधी या वाक्याची किंमत कोण मोजतो ते बघू.

मेळघाटातून बाजाराला, बँकेला, दवाखान्याला, कागदपत्रांना माणसं परतवाड्यालाच उतरतात. सेमाडोहकडून, चिखलदऱ्याकडून. घाट उतरून येणाऱ्या कोरकू बाईचा अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते, दोन्ही बाजूंचं भाडं लागतं, कडेवर पोर असतंच. तिला ‘उद्या या’ म्हणणं म्हणजे तिच्याकडून दोन दिवसांची मजुरी दंड म्हणून वसूल करणं, आणि त्या दंडाची पावतीही न देणं. इकडे सपाटीवरचा संत्र्यावाला फवारणी सोडून येतो. जून महिन्यात पीककर्जाला सातबारा लागतो, पेरणीला वाफसा असतो, आणि दोन्ही एकाच आठवड्यात येतं. वाफसा काही ‘उद्या या’ म्हटल्यावर थांबत नाही.

मी डिजिटलच्या विरोधात नाही, हे इथंच सांगून टाकतो, नाहीतर खाली चार जण धावून येतील. १ मे २०१८ ला राज्यात डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. १५ रुपये भरा, उतारा काढा, तलाठ्याच्या मागं फिरणं बंद. चांगलीच गोष्ट झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्यानं स्वतःच्या मोबाईलवरून स्वतःचं पीक नोंदवायचं. कल्पना म्हणून तीही चांगली. रेशनला ई-पॉस मशीन आलं, अंगठा लावल्याशिवाय धान्य नाही, त्यानं काही ठिकाणची चोरी थांबली असेल. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळं आणताना जुना रस्ता बंद केला. हाताचा सातबारा गेला, हाताची पावती गेली. एकच दार ठेवलं. आणि ज्या घराला एकच दार असतं, त्या दाराची किल्ली कोणाकडे आहे, बिजागरी कधी तपासली, हे विचारायचा हक्क घरातल्या प्रत्येकाला असतो.

आता सर्व्हर म्हणजे नेमकं काय, ते आपल्या भाषेत सांगतो. जाणकारांनी हसू नये.

आपली नावं, गट नंबर, खाती, हप्ते हे सगळं एका मोठ्या कोठारात असतं. त्याला डेटाबेस म्हणतात. त्या कोठारावर एक रखवालदार प्रोग्राम बसवलेला असतो. खिडकीवरचा कॉम्प्युटर त्याला विचारतो, तो आतून काढून देतो. हा रखवालदार म्हणजे डेटाबेस सर्व्हर. जगभर असली बरीच मशीनं लिनक्सवर चालतात, आणि त्यावर मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेसक्यूएल अशा नावांचे रखवालदार बसतात. तिन्ही फुकट मिळतात. (मायएसक्यूएलमधली ‘माय’ म्हणजे आपली माय नव्हे बरं का, लेक आहे. बनवणाऱ्या मोंटी विडेनियस नावाच्या माणसाच्या मोठ्या मुलीचं नाव माय, धाकटीचं मारिया. लेकींच्या नावावर जग चाललंय.)

हा रखवालदार सकाळी ड्युटीवर आला की आधी एक चिठ्ठी वाचतो. कोठार कुठं आहे, कोणत्या खिडकीवर बसायचं, कोणाला आत घ्यायचं, एका वेळी किती जणांना घ्यायचं. या चिठ्ठीला कॉन्फिग फाईल म्हणतात. चिठ्ठीत चूक असली, चिठ्ठी सापडली नाही, किंवा चिठ्ठीत लिहिलेल्या जागी कोठारच नसलं, की रखवालदार कामावर बसत नाही. पण जाताना वहीत लिहून जातो की मी का बसलो नाही. ती वही म्हणजे लॉग.

गंमत अशी की ही चिठ्ठी प्रत्येक घरात वेगळ्या फडताळात असते. लिनक्सचे घराणे अनेक. रेड हॅट घराण्यात मायएसक्यूएलची चिठ्ठी ‘ईटीसी’ फोल्डरात थेट ‘माय डॉट सीएनएफ’ नावानं पडलेली असते. डेबियन आणि उबंटू घराण्यात ती ‘ईटीसी’च्या आत ‘मायएसक्यूएल’ नावाच्या फोल्डरात असते, आणि तिथली मुख्य चिठ्ठी नुसतं सांगते की बाबा, अजून आतल्या दोन फोल्डरांतल्या चिठ्ठ्याही वाच. पोस्टग्रेसक्यूएलची उबंटूवर ‘ईटीसी’त आवृत्तीच्या आकड्याच्या फोल्डरात, तर रेड हॅटवर थेट कोठाराच्या आतच. एकापेक्षा जास्त चिठ्ठ्या असल्या तर मायएसक्यूएल त्या ठरलेल्या क्रमानं वाचतो आणि एकाच गोष्टीबद्दल दोघींत वेगळं लिहिलं असेल तर शेवटी वाचलेलीचं ऐकतो. म्हणजे तुम्ही पहिल्या चिठ्ठीत कितीही खाडाखोड करा, शेवटचीत दुसरं लिहिलं असेल तर तुमची मेहनत पाण्यात.

अजून एक नमुना बघा. काही चालेना की आपल्याकडे एक रामबाण उपाय असतो, सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाका. सात सात सात. मायएसक्यूएलची चिठ्ठी अशी उघडी टाकली, कोणीही येऊन बदलावी अशी, तर तो रखवालदार त्या चिठ्ठीवर विश्वासच ठेवत नाही. वहीत एक ओळ लिहितो की ही फाईल जगाला उघडी आहे म्हणून मी वाचत नाही, आणि पुढं जातो. मग तो आपल्या मूळ सवयीच्या जागी जातो, तिथं कधीकाळचं जुनं कोठार पडलेलं असेल तर तेच उघडून बसतो. लोकांना वाटतं सर्व्हर सुरू झाला. सुरू झाला, पण खाती मागच्या वर्षीची! पोस्टग्रेसक्यूएल तर आणखी कडक. कोठाराची परवानगी ढिली दिसली की तो सुरूच होत नाही. यंत्राला जेवढी शिस्त आहे तेवढी ते बसवणाऱ्या खात्यांना असती तर हा मजकूर लिहावा लागला नसता.

आता तो डोळ्यांनी पाहिलेला प्रकार. आमच्याच भागातली एक संस्था. नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या संस्थेचा नाही, आणि तिच्यासारख्या पन्नास असतील. लोकांच्या रोजच्या गरजेची खाती तिच्याकडे. एका संध्याकाळी वादळात लाईट गेली, बॅटरीही बसली, मशीन बंद पडलं. रात्री लाईट आली, मशीन सुरू झालं, डेटाबेस काही सुरू होईना. दुसऱ्या दिवशी खिडकीवर कागद लागला, ‘सर्व्हर डाऊन’. तिसऱ्या दिवशी तोच कागद. कंत्राटदार बाहेरगावचा, त्याचं कंत्राट संपलेलं, तो फोन उचलेना. आतला ऑपरेटर बिचारा इंटरनेटवर वाचून वाचून ‘ईटीसी’तली एक ‘माय डॉट सीएनएफ’ बदलत होता, मशीन पुन्हा सुरू करत होता, कपाळाला हात लावत होता. बाहेर लोक येत होते आणि कागद वाचून जात होते. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, “भाऊ, तुमी पेपरवाले. थे वरून बंद झालं का इथून?” मला उत्तर माहीत नव्हतं, तेव्हा आतल्या कोणालाही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गावातलाच एक पोरगा आला. पुण्याला हेच काम करतो, सुटीवर आला होता. त्यानं मशीनला हात लावण्याआधी वही उघडली. आधी एक आज्ञा दिली, सेवेची अवस्था सांग. उत्तर आलं, फेल. मग दुसरी, आजची नोंद दाखव. आणि तिथं चार ओळींत सगळं लिहिलेलं होतं. अमुक फोल्डरात जायचा प्रयत्न केला, एरर कोड दोन, असं फोल्डर नाही. बस. तीन दिवस ज्या प्रश्नावर लोकांच्या चकरा झाल्या त्याचं उत्तर मशीननं पहिल्याच रात्री लिहून ठेवलं होतं.

कारण काय निघालं, ऐका. जुनी डिस्क भरत आली होती म्हणून कंत्राटदारानं वर्षभरापूर्वी दुसरी डिस्क लावली, कोठार तिच्यावर हलवलं आणि आतल्या फोल्डरातल्या एका चिठ्ठीत नवी जागा लिहिली. पण ती डिस्क मशीन सुरू होताना आपोआप जोडली जावी, यासाठी ‘एफएस-टॅब’ नावाच्या फाईलमध्ये एक ओळ लिहावी लागते, ती लिहिलीच नाही. हातानं जोडली आणि निघून गेला. वर्षभर मशीन बंद पडलं नाही म्हणून कोणाला कळलं नाही. लाईट गेली, मशीन नव्यानं सुरू झालं, डिस्क जोडलीच गेली नाही, रखवालदार कोठार शोधत राहिला. आणि ऑपरेटर जी चिठ्ठी बदलत होता ती आधी वाचली जाणारी. खरी जागा नंतरच्या चिठ्ठीत लिहिलेली.

पोरानं डिस्क जोडली, ती राहिलेली ओळ लिहिली, ऑपरेटरनं केलेले बदल मागं घेतले, सेवा सुरू केली. वीस मिनिटं लागली असतील. त्यातली पाच चहात गेली.

मी त्याला विचारलं, हे सगळं शोधायला किती हुशारी लागते? तो म्हणाला, “हुशारी नाई लागत काका, वाचा लागते. मशीन सांगूनच रायलं होतं.”

त्या दिवशी मी तिथल्या पदाधिकाऱ्यांना विचारलं की बाहेरच्या कागदावर हे लिहाल का, की ‘डिस्क आपोआप जोडण्याची सोय कंत्राटदारानं केली नव्हती, म्हणून तीन दिवस काम बंद होतं, आता सोय केली आहे’? ते असे दचकले की जणू मी त्यांच्या घरातलं भांडण चौकात सांगायला सांगतोय. कागद काढून टाकला गेला. नवा काही लागला नाही. तीन दिवस परत गेलेल्या लोकांना आजही माहीत नाही की काय झालं होतं. त्यांच्या लेखी गारपीट झाली होती.

हा छोटा नमुना. मोठ्या पोर्टलांची रचना वेगळी, तिथं अनेक मशीनं, मोठी डेटा सेंटरं, हे मला कळतं. पण तत्त्व तेच आहे. मायएसक्यूएलच्या चिठ्ठीत ‘एका वेळी किती जण’ हा आकडा कोणी बदलला नाही तर तो १५१ असतो, पोस्टग्रेसक्यूएलमध्ये १००. गर्दी त्यापुढं गेली की पुढच्याला दारातूनच ‘टू मेनी कनेक्शन्स’ म्हणून परत पाठवतात. मोठ्या पोर्टलांवर हे आकडे मोठे असतील, मधे आणखी थर असतील. पण किती गर्दी येणार याचा अंदाज बांधून आकडा ठरवणं हे माणसाचंच काम आहे. आणि गर्दी अचानक येते असं कोणी म्हणू नये. ३१ जुलै दर वर्षी येते. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा जाहीर झाला, लोक सेवा केंद्रांवर रात्र रात्र जागले, आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. मुदतवाढ मिळाली म्हणून सगळ्यांनी आभार मानले. मला विचाराल तर मुदतवाढ ही कबुली असते, फक्त तिच्यात कारणाची ओळ रिकामी सोडलेली असते. कोणता आकडा कमी पडला, तो कोणी ठरवला होता, पुढच्या हंगामाआधी तो वाढवला का, हे कोणी सांगितलेलं मी तरी वाचलं नाही.

आता म्हणाल, अशी कारणं जगात कोण सांगतं? सांगतात. ३१ जानेवारी २०१७ ची गोष्ट. गिटलॅब नावाची कंपनी, जगभरचे प्रोग्रामर आपलं काम तिच्याकडे ठेवतात. रात्री उशिरा एक इंजिनीअर पोस्टग्रेसक्यूएलची दोन मशीनं एकमेकांशी जुळवत होता. दुय्यम मशीनवर आहोत असं समजून त्यानं मुख्य मशीनवरचं कोठारच पुसायची आज्ञा दिली. क्षणात चूक लक्षात आली, थांबवलं, तोवर ३०० जीबीतलं साडेचार जीबी उरलं होतं. बॅकअपकडे धावले. बॅकअप घेणारा प्रोग्राम ज्या मशीनवर चालत होता, तिथं कोठाराची फाईल नव्हती म्हणून त्यानं मुकाट्यानं जुनी आवृत्ती धरली होती, ९.६ च्या जागी ९.२, आणि त्यामुळे प्रत्येक बॅकअप फसत होता. फसल्याचे ई-मेल जात होते, तेही नाकारले जात होते. म्हणजे आपल्या त्या संस्थेचंच दुखणं, फक्त साहेबी रूपात. कोठार कुठं आहे ते प्रोग्रामला सापडलं नाही, आणि कोणी वही वाचली नाही.

पण पुढं त्यांनी काय केलं? दुरुस्ती चालू असतानाच एक दस्तऐवज जगासाठी खुला ठेवला, त्यात काय करतोय ते लिहीत गेले. यूट्यूबवर दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण केलं. साधारण अठरा तास सेवा बंद होती, सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला, हे आकडे स्वतः छापले. कशामुळं झालं, बॅकअप का फसला, पुढं काय बदलणार, सगळं. इंजिनीअरचं नाव मात्र दिलं नाही, कारण दोष एका माणसाच्या बोटाचा नव्हता, पद्धतीचा होता. लोक चिडले असतील, पण कंपनी बुडाली नाही. उलट आजही या धंद्यातले लोक तो अहवाल शिकायला वाचतात.

ते परदेशातलं म्हणून सोडा. आपल्या देशातलं सांगतो. एचडीएफसी बँकेच्या ऑनलाइन सेवा दोन वर्षांत पुन्हा पुन्हा बंद पडल्या. २१ नोव्हेंबर २०२० ला तिच्या मुख्य डेटा सेंटरची वीज जाऊन सेवा थांबल्या. रिझर्व्ह बँकेनं २ डिसेंबर २०२० ला आदेश काढला, नव्या डिजिटल योजना थांबवा, नवी क्रेडिट कार्डं देणं थांबवा, आधी दुरुस्ती करा. देशातली सगळ्यात मोठी खासगी बँक, तिचा धंदा अडवला. ऑगस्ट २०२१ मध्ये कार्डांवरची बंदी थोडी सैल झाली, सगळी बंधनं उठायला मार्च २०२२ उजाडला. म्हणजे सर्व्हर पडणं हा दैवी कोप नसून व्यवस्थापनातली कसूर असू शकते, हे या देशातल्या एका मोठ्या नियामकानं लेखी मान्य केलं आहे. बँकेच्या ग्राहकाला जो न्याय, तो रेशनच्या रांगेतल्या माणसाला का नाही? त्याच्याकडे क्रेडिट कार्ड नाही म्हणून?

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आहे. दाखला ठरलेल्या दिवसांत दिला नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कार्यालयात फलकही लावलेले असतात, कोणती सेवा किती दिवसांत. पण घड्याळ कधी सुरू होतं? अर्ज स्वीकारला, पोच मिळाली की. सर्व्हर डाऊन असताना अर्जच घेतला जात नाही, पोचच मिळत नाही. म्हणजे घड्याळाला चावीच दिली जात नाही. तीन चकरा मारून चौथ्या दिवशी अर्ज गेला तर सरकारी कागदावर तुम्ही चौथ्या दिवशीच जन्माला आलात. सेवा वेळेत दिल्याची टक्केवारी मग चांगलीच येणार ना राजेहो! त्या टक्केवारीत परत गेलेला माणूस मोजलाच जात नाही.

यावर ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, सुरक्षा. कारण सांगितलं तर हॅकर शिरतील. अहो, पासवर्ड कोण मागतंय? ‘डिस्क भरली होती’, ‘वीज गेली आणि जनरेटर सुरू झालं नाही’, ‘नवीन बदल करताना सेटिंग चुकलं’ या वाक्यांतून कोणता हॅकर शिरतो? नोंदी ठेवल्या जात नाहीत हे तर म्हणूच नका. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार सरकारी संस्थांसकट सगळ्यांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस सांभाळायचे आहेत. वही आहे, ती ठेवणं बंधनकारक आहे.

दुसरं उत्तर, खिडकीवरच्या पोराचा काय दोष? काहीच नाही. लोकांच्या शिव्या तोच खातो. त्यालाही ‘वरून बंद आहे’ एवढंच कळवलेलं असतं, कधी तेही नसतं. म्हणूनच कारण लेखी हवं, त्या पोराच्याही भल्यासाठी.

तिसरं उत्तर सगळ्यात गोड असतं. नवीन यंत्रणा येतेय, थोडं सहन करा. आमच्या रस्त्यावरचं हरिसाल सगळ्यांना आठवत असेल. परतवाड्यावरून धारणीला जाताना लागतं. २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं, मायक्रोसॉफ्टचं नाव होतं, जाहिराती होत्या. २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरेंनी ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत तिथली अवस्था पडद्यावर दाखवली, जाहिरातीतल्या तरुणालाच मंचावर आणलं, आणि राज्यभर गदारोळ झाला. दोन्ही बाजूंनी खूप बोलणं झालं. पण गावातली जोडणी बंद असते तेव्हा ती का बंद असते, टॉवर, वीज, मशीन की माणूस, याची साधी नोंद गावाच्या भिंतीवर लागावी, ही मागणी त्या सगळ्या गदारोळात कोणी केली नाही. उद्घाटनाला सगळे असतात. ‘एफएस-टॅब’मधली ती एक ओळ लिहायला कोणी नसतं.

माझी मागणी फार नाही. जी कोणती सार्वजनिक सेवा एक तासापेक्षा जास्त बंद राहील, तिची चार ओळींची नोंद दुसऱ्या दिवशी खिडकीवर आणि पोर्टलवर लागावी. कधी बंद पडली, कधी सुरू झाली, कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला ‘येऊन गेला’ अशी शिक्क्याची चिठ्ठी मिळावी आणि लोकसेवा हक्काचं घड्याळ त्या चिठ्ठीपासून मोजलं जावं. मुदत असलेल्या योजनेत जेवढे तास सेवा बंद, तेवढी वाढ मागणी न करता आपोआप मिळावी. आणि प्रत्येक लहान संस्थेनं, नगरपालिकेपासून पतसंस्थेपर्यंत, कंत्राटदाराचं शेवटचं बिल काढण्याआधी एक पान लिहून घ्यावं: कोठार कोणत्या डिस्कवर, चिठ्ठी कोणत्या फोल्डरात, बॅकअप कुठं जातो, आणि तो शेवटचा कधी परत उघडून पाहिला. हे पान कपाटात कुलूपबंद ठेवा, माझी हरकत नाही. पण असू द्या. लाखांचं बिल निघतं आणि एका पानाचा कागद निघत नाही, हे कोणत्या हिशेबात बसतं?

काल मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, १५० शब्दांच्या आत, कारण आपल्या राज्यात अर्जावरही शब्दांची मर्यादा आहे. (ही पोस्ट त्या मर्यादेत बसली नसती.) एका कार्यालयाला एवढंच विचारलंय की मागच्या सहा महिन्यांत तुमची ऑनलाइन सेवा कोणकोणत्या तारखांना, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बंद होती आणि प्रत्येक वेळी नोंदवलेलं कारण काय. ३० दिवस मोजतोय. उत्तर आलं की कागदाचा फोटो इथंच टाकीन, ‘माहिती उपलब्ध नाही’ असं आलं तर तोही.

तुमच्या खिडकीवर पुढच्या वेळी ‘सर्व्हर डाऊन’ ऐकाल तेव्हा भांडू नका, वाद घालू नका. फक्त तारीख, वेळ आणि काय काम होतं ते खाली लिहून ठेवा. अचलपूर, चांदूर बाजार, चिखलदरा, धारणी, अंजनगाव, जिथले असाल तिथले. नाव नका लिहू, गाव लिहा.